दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी सुगम्य अध्ययन साहित्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुगम्य अध्ययन साहित्य म्हणजे नेमके काय?

वर्गातील इतर विद्यार्थी जे पाठ्यपुस्तक, स्वाध्याय, नकाशा, चलचित्र किंवा प्रश्नपत्रिका वापरतात, तोच आशय दिव्यांग विद्यार्थ्याला डोळ्यांनी, कानांनी किंवा बोटांनी, त्याला जमेल त्या मार्गाने आणि शक्यतो दुसऱ्याच्या मदतीविना वापरता यावा, अशा स्वरूपात तयार केलेले साहित्य म्हणजे सुगम्य साहित्य. ब्रेल पुस्तक, मोठ्या अक्षरांतील प्रत, श्राव्य पुस्तक, स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या संगणक-प्रणालीला) नीट वाचता येणारी फाइल, उठावाच्या आकृत्या आणि उपशीर्षके असलेले चलचित्र ही त्याची नेहमीची रूपे आहेत. मात्र एवढ्याने व्याख्या पूर्ण होत नाही. साहित्य इतरांना मिळते त्याच दिवशी मिळाले पाहिजे. धडा शिकवून झाल्यावर तीन आठवड्यांनी हाती येणारे ब्रेल पुस्तक तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असले, तरी त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो धडा बुडालेलाच असतो.

हे साहित्य फक्त दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी असते का?

नाही, आणि हा गैरसमज सर्वांत अधिक आढळतो. अल्पदृष्टी असलेला विद्यार्थी, डिस्लेक्सियामुळे छापील ओळ वाचताना अडखळणारा विद्यार्थी, स्नायूंच्या दुर्बलतेमुळे पुस्तक धरता किंवा पान उलटता न येणारा विद्यार्थी, कर्णबधिर विद्यार्थी, बौद्धिक अक्षमता असलेला विद्यार्थी, या सर्वांना वेगवेगळ्या कारणांनी छापील पुस्तक किंवा नुसते बोललेले स्पष्टीकरण अपुरे पडते. यांतील अनेकांचे अपंगत्व वरवर दिसत नाही. नीट दिसणारा, नीट ऐकणारा, वर्गात हुशारीने उत्तरे देणारा मुलगा लेखी उताऱ्यापुढे गप्प होतो, तेव्हा त्याला आळशी ठरवले जाते. पुस्तकाचे स्वरूप त्याला अडवत आहे, अशी शंका फार उशिरा येते.

रंगांधळेपणाची गणना बहुतेक ठिकाणी अपंगत्वात होत नाही. पण उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांपैकी साधारण ८ टक्क्यांना तो असतो, आणि ‘लाल रेघ म्हणजे आयात, हिरवी रेघ म्हणजे निर्यात’ असा आलेख त्यांच्यापुढे ठेवला तर त्यांना दोन सारख्याच रेघा दिसू शकतात. एक रेघ तुटक काढली, तरी प्रश्न मिटतो.

साहित्य सुगम्य करणे म्हणजे अभ्यासक्रम सोपा करणे का?

या दोन्ही गोष्टी निराळ्या आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की विद्यार्थ्याचे नुकसान होते. धडा ब्रेलमध्ये आणला, ऐकण्याजोगा केला किंवा मोठ्या अक्षरांत छापला, तेव्हा आशय, काठिण्य आणि विद्यार्थ्याकडून असलेली अपेक्षा तशीच राहते, केवळ आशयापर्यंत पोहोचण्याची वाट बदलते. धडा संक्षिप्त केला, अवघड संकल्पना गाळल्या किंवा खालच्या इयत्तेचा मजकूर दिला, तर तो अभ्यासक्रमातील बदल होय. काही विद्यार्थ्यांना, विशेषतः बौद्धिक अक्षमता असलेल्यांना, सोप्या भाषेतील मजकुराची खरोखर गरज असते आणि तो विचारपूर्वक दिलाच पाहिजे. पण दृष्टिहीन मुलीला भूमितीचे प्रकरण ‘तिला कसे जमणार’ म्हणून वगळणे हे सुगम्यतेचे उदाहरण नव्हे. तेथे उठावाची आकृती तयार करण्याचे काम टळलेले असते, एवढेच.

कोणाला कोणते स्वरूप द्यायचे, हे कोणी ठरवावे?

वर्गशिक्षक, विशेष शिक्षक, पालक आणि स्वतः विद्यार्थी यांनी मिळून. निदानाच्या कागदावरून स्वरूप ठरवणे धोक्याचे आहे, कारण एकाच निदानाच्या दोन मुलांची गरज वेगळी असते. अल्पदृष्टी असलेल्या एका विद्यार्थ्याला मोठी अक्षरे हवी असतील. दुसऱ्याचे दृष्टिक्षेत्रच अरुंद असेल, तर अक्षरे मोठी केल्याने एका नजरेत मावणारे शब्द कमी होतात आणि वाचन उलट मंदावते. शिवाय एकाच विद्यार्थ्याला विषयागणिक वेगळे स्वरूप सोयीचे ठरू शकते. इतिहास ऐकून होतो, गणित मात्र ब्रेलमध्येच हवे, अशी मागणी पूर्णपणे वाजवी आहे. काही आठवडे प्रत्यक्ष वापरून पाहावे, वाचनाचा वेग, आकलन आणि थकवा यांची नोंद ठेवावी, आणि दरवर्षी फेरविचार करावा.

श्राव्य पुस्तके आणि बोलणारे मोबाइल आल्यावर ब्रेलची गरज उरली आहे का?

उरली आहे. लुई ब्रेल यांनी १८२४ च्या सुमारास सिद्ध केलेली आणि १८२९ मध्ये पुस्तकरूपाने मांडलेली सहा टिंबांची ही पद्धत दृष्टिहीन व्यक्तीला ऐकण्यापलीकडचे, म्हणजे प्रत्यक्ष वाचणे आणि लिहिणे, उपलब्ध करून देते. केवळ ऐकून शिकलेल्या मुलाला ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील फरक, स्वल्पविराम कोठे पडतो, परिच्छेद कोठे सुटतो, हे कळण्याचा मार्गच नसतो. ब्रेलमध्ये ते बोटाखाली येते. समीकरणात मागे जाऊन एखादे पद पुन्हा तपासणे कानाने अतिशय कष्टाचे असते.

अडचणी खऱ्या आहेत, हे मान्य करावे लागते. छापील एका पानाची ब्रेलमध्ये साधारण दोन ते तीन पाने होतात, त्यामुळे एका पाठ्यपुस्तकाचे अनेक जाडजूड खंड होतात आणि ते दप्तरात मावत नाहीत. टिंबे वर-खाली होणारा ब्रेल डिस्प्ले संगणकाला किंवा मोबाइलला जोडला की ही अडचण बरीच हलकी होते. पण ते उपकरण महाग असते आणि बहुतेक उपकरणांवर एका वेळी एकच ओळ वाचता येते. म्हणून लहान इयत्तांत कागदावरचे ब्रेल, आणि वाचन पक्के झाल्यावर ब्रेल, श्राव्य व डिजिटल यांचा मेळ, हा क्रम आम्हाला अधिक योग्य वाटतो.

पाठ्यपुस्तकाची पीडीएफ दिली की काम झाले ना?

बहुधा नाही. पान स्कॅन करून बनवलेली पीडीएफ म्हणजे पानाचे छायाचित्र असते. डोळ्यांना त्यात अक्षरे दिसतात, स्क्रीन रीडरला मात्र तेथे मजकूरच नसतो आणि तो पान रिकामे असल्याचे सांगतो. ओसीआर करून छायाचित्रातील अक्षरांचा मजकूर बनवता येतो, परंतु जोडाक्षरे, अंक आणि तक्ते यांत चुका राहतात. माणसाने मुद्रितशोधन केल्याशिवाय तो मजकूर विद्यार्थ्याला देऊ नये.

मजकूर निवडता येणारी पीडीएफसुद्धा पुरेशी असेलच असे नाही. दोन स्तंभांच्या पानावर स्क्रीन रीडर डावीकडची ओळ संपताच थेट उजवीकडच्या ओळीवर जाऊ शकतो, चौकटीतली ‘हे माहीत आहे का?’ ही माहिती वाक्याच्या मध्येच ऐकू येते, आणि चालू प्रकरणाचे नाव व पानाचा क्रमांक दर पानावर मजकुरात घुसतो. शीर्षके, परिच्छेद, याद्या, तक्ते आणि वाचनाचा क्रम यांच्या खुणा आत नोंदवलेल्या टॅगयुक्त पीडीएफमध्ये हे टळते. तरीही पर्याय असेल तर ईपब-३ किंवा डेझी या डिजिटल पुस्तकांच्या स्वरूपातील पुस्तक अधिक चांगले, कारण त्यात अक्षरांचा आकार बदलला तरी ओळी पडद्याच्या रुंदीनुसार पुन्हा बसतात आणि प्रकरणावरून प्रकरणावर थेट उडी मारता येते.

प्रकाशकाकडे मागणी करताना ‘पीडीएफ द्या’ असे न म्हणता मूळ संपादनयोग्य, रचनाबद्ध फाइल मागावी. तिच्यातून ब्रेल, मोठी अक्षरे, श्राव्य प्रत असे सर्व काही काढता येते. छापील पुस्तकातून मागे जात फाइल बनवण्यात सर्वाधिक वेळ आणि श्रम खर्च होतात.

आमच्याकडच्या जुन्या देवनागरी फाइल स्क्रीन रीडर अगम्य का वाचतो?

कारण त्या युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, नसतात. जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘पाणी’ दिसत असले, तरी फाइलच्या आत रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढवतो. स्क्रीन रीडर आतले वाचतो. ब्रेलमध्ये रूपांतर करणारी प्रणालीही तोच गोंधळ टिंबांत उतरवते. अशा फाइल परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणाव्यात, मग रफार, जोडाक्षरे आणि अंक डोळ्यांखालून घालावेत. नवे साहित्य तर युनिकोडमध्येच टंकित करावे, यात सूट नसावी.

शिक्षकाने स्वतःची टिपणे तयार करताना काय पाहावे?

सर्वांत आधी शीर्षके. आपण अक्षरे ठळक आणि मोठी करतो, तेव्हा डोळ्यांना शीर्षक दिसते. स्क्रीन रीडरच्या लेखी मात्र तो इतरांसारखाच एक परिच्छेद असतो. वर्डमध्ये ‘हेडिंग’ची शैली लावली, की एनव्हीडीए या विनामूल्य स्क्रीन रीडरचा वापर करणारा विद्यार्थी एका कळीने शीर्षकावरून शीर्षकावर जाऊ शकतो. ती न लावल्यास वीस पानांचे टिपण त्याला पहिल्या ओळीपासून ऐकत बसावे लागते. ही शैली लावायला शिक्षकाचे काही क्षण जातात.

तक्त्याची पहिली ओळ शीर्ष-ओळ म्हणून नोंदवावी आणि घरे एकत्र करण्याचा मोह टाळावा. तसे न केल्यास विद्यार्थ्याला ‘बेचाळीस, अडतीस, एकोणपन्नास’ एवढेच ऐकू येते आणि कोणता आकडा कशाचा, हे कळत नाही. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात पुरेसा फरक असावा. डिजिटल सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार मध्यम पातळीसाठी सामान्य अक्षरांना किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांना ३ : १ एवढे प्रमाण लागते. फिकट राखाडी अक्षरे देखणी वाटली तरी त्यात बसत नाहीत. दुव्याला ‘येथे क्लिक करा’ असे न लिहिता तो कोठे नेतो ते लिहावे.

चित्राचे वर्णन कसे लिहावे?

चित्र तेथे कशासाठी आहे, ते आधी ठरवावे. पानाच्या कोपऱ्यात नुसत्या शोभेसाठी फूल असेल, तर ते सजावटीचे म्हणून नोंदवून सोडून द्यावे. त्याचे वर्णन म्हणजे ऐकणाऱ्याला निष्कारण अडथळा. तेच फूल जीवशास्त्राच्या धड्यात असेल, तर ‘फुलाचे चित्र’ एवढे लिहून भागणार नाही. तेथे असे लिहावे : ‘जास्वंदाच्या फुलाचा उभा छेद. तळाशी हिरवी निदले, त्यांच्या आत मोठ्या पाकळ्या. मध्यभागी लांब नळी, तिच्यावर अनेक पुंकेसर आणि टोकाला पाच भागांत विभागलेली कुक्षी. नळीच्या तळाशी अंडाशय.’ विद्यार्थ्याला प्रश्नात जे विचारले जाईल, ते वर्णनात असले पाहिजे. मात्र प्रश्नाचे उत्तरच वर्णनातून फुटणार नाही, एवढी दक्षता घ्यावी. ‘आकृतीतील काटकोन ओळखा’ असा प्रश्न असेल, तर वर्णनात ‘कोन ब काटकोन आहे’ असे लिहिणे म्हणजे परीक्षाच रद्द करणे.

काही चित्रे शब्दांत मावत नाहीत. नकाशा, आलेख, भौमितिक आकृती, विद्युत मंडल यांसाठी उठावाची आकृती हवी. उष्णता मिळताच काळ्या रेषा फुगून वर येणारा विशेष कागद, किंवा साच्यावर प्लास्टिकचा पातळ पत्रा तापवून बसवण्याची पद्धत यांसाठी वापरतात. घाईच्या वेळी जाड दोरा, डिंक आणि पुठ्ठा यांवरही काम निभावते. येथे छापील आकृतीची हुबेहूब नक्कल करू नये. ब्रेलच्या एका घरातील (सहा टिंबांच्या एका गटातील) शेजारच्या दोन टिंबांत साधारण अडीच मिलिमीटर अंतर असते. रेषा त्याहून जवळ आल्या, तर बोटाला त्या वेगळ्या ओळखू येणे कठीण होते. त्यामुळे नद्या, पर्वत, सीमा आणि शहरे एकाच कागदावर गर्दीने दाखवण्याऐवजी सीमा आणि नद्यांचा एक, पर्वतांचा दुसरा असे वेगळे कागद करावेत. आणि बोट कोठून सुरू करायचे, हे पहिल्या वेळी शिक्षकाने शेजारी बसून दाखवावे.

गणिताची समीकरणे कशी द्यावीत?

‘एक्स अधिक एक छेद दोन’ हे मोठ्याने वाचून पाहा. एक्समध्ये अर्धा मिळवायचा आहे, की एक्स अधिक एक या संपूर्ण बेरजेला दोनाने भागायचे आहे? डोळ्यांना छेदाची रेघ किती लांब आहे ते दिसते, म्हणून शंका येत नाही. कानाला ती रेघ नसते, आणि दोन्ही अर्थांची उत्तरे वेगळी येतात. म्हणून समीकरण चित्र म्हणून चिकटवू नये. वर्डच्या समीकरण-साधनात लिहावे किंवा मॅथएमएल या गणित लिहिण्याच्या संगणकीय भाषेत द्यावे, म्हणजे योग्य साधने जोडलेला स्क्रीन रीडर ‘अपूर्णांक सुरू’, ‘छेद’, ‘अपूर्णांक समाप्त’ अशा खुणा देत वाचतो. तोंडी सांगतानाही हीच शिस्त पाळावी. फळ्यावर बोट ठेवून ‘हे येथून तिकडे नेले’ असे म्हणण्याऐवजी ‘अधिक पाच उजव्या बाजूला नेले, वजा पाच झाले’ असे म्हटले, तर वर्गातील सर्वांनाच ते अधिक कळते.

गणितासाठी ब्रेलची स्वतंत्र लेखनपद्धती लागते. अब्राहम नेमेथ या अंध गणितज्ञांनी तयार केलेली पद्धती १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्या सुधारित आवृत्त्या आजही वापरात आहेत. मात्र सर्व देशांत एकच गणिती ब्रेल नाही. विद्यार्थी कोणती पद्धती शिकला आहे ते विचारल्याशिवाय पुस्तक मागवू नये.

मोठ्या अक्षरांसाठी पानाची झेरॉक्स मोठी करून चालेल का?

तातडीच्या वेळी एका पानापुरते चालेल. कायमचा उपाय म्हणून नाही. मोठ्या कागदावर फुगवलेली प्रत बाकावर मावत नाही, अक्षरांच्या कडा पुसट होतात आणि फिकट भाग अधिक फिकट होतात. साधारण १८ पॉइंट किंवा त्याहून मोठ्या अक्षरांत, ओळींमध्ये मोकळी जागा सोडून, चमक नसलेल्या कागदावर मजकूर नव्याने मांडावा आणि मूळ पुस्तकाचे पान-क्रमांक समासात द्यावेत. ते नसतील, तर शिक्षकांनी ‘पान ४७ उघडा’ म्हटल्यावर हा एकच विद्यार्थी पाने चाळत राहतो.

कर्णबधिर विद्यार्थ्यांना छापील पुस्तक वाचता येते, मग त्यांना वेगळे काय हवे?

बोललेले सर्व काही दृश्य स्वरूपात हवे. चलचित्राला उपशीर्षके असावीत आणि त्यांत कोण बोलत आहे, मागे कोणता अर्थपूर्ण आवाज आहे, हेही यावे. यंत्राने आपोआप बनवलेली उपशीर्षके तपासल्याशिवाय वापरू नयेत, कारण नेमक्या पारिभाषिक शब्दांतच ती चुकतात आणि विद्यार्थी तो चुकीचा शब्दच पाठ करतो.

जन्मापासून सांकेतिक भाषेत वाढलेल्या मुलासाठी लिखित भाषा ही दुसरी भाषा असते. सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे, ती बोललेल्या वाक्याचे हातवारे नव्हे. त्यामुळे अशा विद्यार्थ्याला उपशीर्षकांच्या जोडीला सांकेतिक भाषेतील स्पष्टीकरणही मिळायला हवे. आणि शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये, हे साहित्याच्या कक्षेत येत नसले तरी सांगितल्यावाचून राहवत नाही.

डिस्लेक्सियासाठी खास फॉन्ट घ्यावा का?

एखाद्या विद्यार्थ्याला तो आवडत असेल तर जरूर द्यावा. परंतु अशा फॉन्टमुळे वाचन सुधारते, याला संशोधनातून सातत्याने आधार मिळालेला नाही. मोकळे अंतर, आखूड ओळी, डावीकडे जुळवलेला मजकूर आणि वाचला जाणारा शब्द पडद्यावर उजळत असतानाच तो ऐकू येण्याची सोय, यांवर वेळ आणि पैसा खर्चावा.

पुस्तकाचे ब्रेल किंवा श्राव्य रूपांतर करताना कॉपीराइटचा भंग होतो का?

यासाठीच जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या छत्राखाली २७ जून २०१३ रोजी मराकेश करार संमत झाला. दृष्टिहीन, अल्पदृष्टी, वाचनात अडथळा आणणारी अक्षमता असलेल्या किंवा शारीरिक कारणाने पुस्तक हाताळता न येणाऱ्या व्यक्तींसाठी, हक्कधारकाची परवानगी न घेता सुगम्य प्रती तयार करण्याची आणि अधिकृत संस्थांमार्फत त्या एका देशातून दुसऱ्या देशात पाठवण्याची तरतूद कायद्यात करणे, हे त्याने सदस्य देशांवर बंधनकारक केले. त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता (२०१४). वीस देशांची मान्यता मिळाल्यावर ३० सप्टेंबर २०१६ पासून तो अमलात आला.

दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. ही सवलत ठरलेल्या लाभार्थ्यांसाठीच आहे. तयार केलेली फाइल संपूर्ण वर्गाच्या गटात टाकणे तिच्यात बसत नाही. तसेच केवळ श्रवणदोष असलेल्या व्यक्ती या कराराच्या लाभार्थ्यांत येत नाहीत, त्यांच्यासाठी त्या त्या देशाच्या कायद्यातील इतर तरतुदी पाहाव्या लागतात. नेमक्या अटी देशागणिक बदलतात, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी स्थानिक कायदा तपासावा.

सुगम्य पुस्तक वेळेवर आले नाही, तर तोपर्यंत काय करावे?

पहिल्या दोन-तीन प्रकरणांपुरते साहित्य आधी तयार करून घ्यावे, संपूर्ण पुस्तकाची वाट पाहू नये. रूपांतर करणाऱ्या संस्थेला वर्षाचे पाठनियोजन दिले, तर ती त्याच क्रमाने भाग पाठवू शकते. सहाध्यायी किंवा पालकाने वाचून दाखवणे हा काही दिवसांचा आधार आहे. तो वर्षभर चालला, तर विद्यार्थ्याचा अभ्यास दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहतो. पुढील वर्षाची मागणी मात्र चालू वर्ष संपण्याच्या कितीतरी आधी नोंदवावी, कारण गणित आणि विज्ञानाच्या पुस्तकांचे ब्रेल रूपांतर, आकृत्यांसह, अनेक महिने घेऊ शकते.

परीक्षेतही हेच स्वरूप मिळावे का?

होय, वर्षभर वापरले तेच. वर्षभर स्क्रीन रीडरवर अभ्यास केलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेत एकाएकी लेखनिक देणे म्हणजे त्याला अनोळखी पद्धतीने उत्तरे द्यायला लावणे होय. स्वरूपामुळे वाचनाला जास्त वेळ लागतो, तो वाढीव वेळ आधीच ठरवून लेखी कळवावा, आणि प्रश्नपत्रिकेतील आकृत्यांची उठावाची प्रत स्वतंत्रपणे तपासून घ्यावी.

तयार झालेले साहित्य तपासायचे कसे?

वर्डमध्ये सुगम्यता तपासण्याची सोय असते, ती आधी वापरावी. वर्णन नसलेले चित्र किंवा शीर्ष-ओळ नसलेला तक्ता ती दाखवते. वर्णन चुकीचे आहे की बरोबर, हे मात्र तिला कळत नाही. म्हणून नंतर माउस बाजूला ठेवून फक्त कळफलकावर फाइल वापरून पाहावी, आणि पडदा बंद करून स्क्रीन रीडरवर दोन पाने ऐकावीत. यातच बहुतेक चुका उघड होतात. अखेरची तपासणी विद्यार्थ्यानेच करावी, आणि ती करताना ‘ठीक आहे ना?’ असे विचारू नये, कारण मुले संकोचाने होकार देतात. त्याऐवजी त्याला एक काम द्यावे, उदाहरणार्थ ‘तिसऱ्या प्रकरणातील दुसरा तक्ता शोध आणि त्यातील सर्वांत मोठी संख्या सांग’, आणि तो कोठे अडतो ते मध्ये न बोलता पाहावे. जेथे तो थांबेल, ती जागा दुरुस्त करून फाइल त्याच दिवशी परत द्यावी.